शाम शुई पोमधलं काढ्याचं दुकान: आधी विचारपूस, मग वाटी

या दुकानाबद्दल लिहायचं मी गेला आख्खा उन्हाळा ठरवत होते. यंदा मे महिन्यात इथल्या दोन-तीन मराठी घरांतून विचारणा झाली की ते कडू चहाचं दुकान नक्की कुठं आहे, मुलांना चालतं का, प्यायल्यावर खरंच थंड वाटतं का, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं नीट लिहूनच टाकावं. मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही, नऊ वर्षं हाँगकाँगमध्ये राहतेय आणि त्यातली सहा वर्षं या दुकानात जातेय, तेवढ्या अनुभवावर लिहितेय.

दुकान हाँगकाँगच्या शाम शुई पो भागात आहे, पेई हो स्ट्रीटच्या भाजीबाजाराला लागून असलेल्या एका गल्लीत. पाटी फक्त चिनीत आहे त्यामुळे नाव मला सांगता येणार नाही, पण खूण पक्की सांगते. काउंटरवर रस्त्याच्या बाजूला तोंड करून दोन मोठे पितळी पिंप ठेवलेत, तुंब्याच्या आकाराचे, म्हणजे खाली फुगीर, मध्ये कंबर, वर परत फुगीर, आणि इतके घासलेले की समोरची बस त्यात दिसते. पिंपांच्या पुढे चिनी मातीच्या वाट्या ओळीनं भरून ठेवलेल्या, प्रत्येकीवर काचेची चकती झाकलेली. आत जेमतेम चार स्टुलं. मागच्या बाजूला गॅसवर दोन उंच पातेली दिवसभर चालू असतात आणि त्यांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मला थेट चिपळूणचं घर आठवलं, आजी तापावर किराईताचा काढा उकळायची ना, तसाच, मातकट आणि कडू.

दुकान चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत. मी त्यांना मनात मावशी म्हणते, माझा मुलगा पोपो म्हणतो, म्हणजे इथल्या भाषेत आजी, आणि त्या मला लेंग नुई म्हणतात, जे इथले सगळेच दुकानदार सगळ्याच बायकांना म्हणतात, सुंदर मुली असा अर्थ आहे, पण त्यांनी म्हटलं की बरं वाटतं खरं.

आता मुळात हे काय विकतात ते सांगते. याला लँग चा म्हणतात. शब्दशः अर्थ थंड चहा, पण तो थंड नसतो आणि त्यात चहाची पत्तीही नसते. मुळं, पानं, फुलं तासन्‌तास उकळून केलेला काढाच तो, आणि प्यायचा कोमट किंवा चांगला गरम. थंड हे त्याचं तापमान नाही, गुण आहे. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही कारण आपल्याकडे पण आंबा उष्ण आणि सब्जा थंड, मग आंबा फ्रीजमधला का असेना. इथली कँटनी बोलणारी माणसं ज्याला यीत हेई म्हणतात, म्हणजे अंगात उष्णता वाढणं, त्याची सगळी लक्षणं आपल्या आजीच्या तोंडी होती, तोंड आलंय, घोळणा फुटला, उन्हाळी लागलीये, डोळ्यांची आग होतेय. तळलेलं जास्त खाल्लं, जागरण झालं, लीची किलोभर संपवली की इथले लोक म्हणतात यीत हेई झालं आणि सरळ एक वाटी मारून येतात, पाच मिनिटांचं काम.

पण आपल्यापेक्षा यांच्याकडे एक गोष्ट जास्तीची आहे ती म्हणजे दमटपणा. नुसती उष्णता नाही, उष्णता आणि ओल एकत्र. हाँगकाँग आणि शेजारचा ग्वांगडाँग प्रांत, या पट्ट्यात जून ते ऑगस्ट हवेत ऐंशी टक्क्यांच्या वर बाष्प असतं, भिंती घामेजतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. पारा दिसायला नागपूरइतका नसतो, इथल्या वेधशाळेचा आजवरचा विक्रम ३६.६ अंशांचा, २२ ऑगस्ट २०१७ चा, नागपूरकर हसतील यावर, पण घाम वाळतच नाही हो, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड कशानं होणार. यांचं म्हणणं असं की ही ओल शरीरातही साचते, मग अंग जड, डोकं जड, भूक नाही, जिभेवर पांढरा जाड थर, पोट बिघडलेलं. म्हणून इथल्या उन्हाळी औषधांची दोन कामं असतात, उष्णता उतरवायची आणि ओल बाहेर काढायची. हे शास्त्राच्या कसोटीवर किती उतरतं तो वाद मी घालणार नाही, पण कोकणात पावसाळ्याच्या तोंडाशी जो जडपणा येतो त्याला नेमका शब्द कुणीतरी दिलाय असं मला पहिल्यांदा इथं वाटलं.

सुरुवात सगळे करतात ती ‘या सेई मेई’ नावाच्या काढ्यापासून, म्हणजे चोवीस चवी. नावात चोवीस असले तरी प्रत्येक दुकानाचं मिश्रण वेगळं असतं आणि जिन्नस कमी-जास्त असतात, तुतीची पानं, बांबूसारख्या दिसणाऱ्या एका गवताची पानं, झुडपांची मुळं, असं बरंच काही. रंग काळा, कोऱ्या कॉफीसारखा. चव कारल्याच्या रसापेक्षा कडू, आणि कडूपणा घशाच्या मागे जाऊन बसतो, पण दोन मिनिटांनी तिथंच हलकी गोडसर चव परत येते, त्यासाठी इथं खास शब्दच आहे. वाटी संपली की मावशी बरणीतून एक खारवलेलं सुकं आलूबुखार हातावर ठेवतात, लहान मुलांना हॉथॉर्न नावाच्या फळाच्या लाल चकत्या देतात. एक वाटी १२ हाँगकाँग डॉलर, म्हणजे आपले एकशे तीस-चाळीस रुपये धरा. इथल्या कॅफेत साध्या आइस्ड लेमन टीला याहून जास्त पडतात.

आता मी या दुकानाला पाचपैकी पाच का देतेय ते सांगते, आणि ते चवीसाठी नाही.

माझ्या मुलाला जी-सिक्स-पीडीची कमतरता आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळणारं एक एन्झाइम असतं ते जन्मतः कमी असणं. एरवी मूल ठणठणीत असतं, पण काही ठरावीक पदार्थ आणि औषधं पोटात गेली तर तांबड्या पेशी भराभर फुटतात, कावीळ होते, लघवी काळसर होते, हॉस्पिटल गाठावं लागतं. दक्षिण चीनमध्ये हे इतकं आढळतं की हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या बाळांची नाळेतलं रक्त घेऊन लगेच तपासणी करतात. आम्हाला पण तेव्हाच कळलं आणि हॉस्पिटलनं एक कागद दिला, काय काय टाळायचं त्याचा. बाकल्याच्या शेंगा म्हणजे फावा बीन्स, डांबरगोळ्या, अमुक गोळ्या, आणि शेवटी चिनी औषधांची चार-पाच नावं. पहिल्या दोन गोष्टी मी डोक्यात कोरून ठेवल्या आणि चिनी औषधांचं आपल्याला काय करायचंय म्हणून तो भाग फाइलमध्ये गेला तो गेलाच.

मुलगा पाच वर्षांचा असताना जूनमध्ये त्याच्या अंगावर खूप घामोळं आलं होतं. शाळेतल्या एका आईनं सांगितलं की फाइव्ह फ्लॉवर टी दे, गोड असतो, इथली सगळी मुलं पितात. मी एका मॉलमधल्या दुकानातून, नाव घेत नाही, दोनदा बाटली आणली. काउंटरवरच्या मुलीनं पैसे घेतले, बाटली दिली, संपलं. मुलाला चव आवडली नाही म्हणून त्यानं दोन-दोन घोट पिऊन ठेवून दिली. तिसऱ्या वेळी वाटलं मावशींकडूनच घेऊ, ताजी असते. मी बोटानं पाटी दाखवली आणि मुलाकडे हात केला, याच्यासाठी. मावशींनी बाटली उचलली, थांबल्या, आणि काहीतरी विचारलं. मला कळेना. परत विचारलं, छाम ताऊ जिंग? छाम ताऊ जिंग? मी आपली मान हलवतेय, नाही कळलं म्हणून. तर त्यांनी बाटली खाली ठेवली, स्टुलावर बसून जेली खाणाऱ्या एका शाळकरी मुलीला हाक मारली, आणि त्या मुलीनं मोबाइलवर भाषांतर करून स्क्रीन माझ्यासमोर धरली. बाकल्याचा आजार, असं होतं त्यावर, म्हणजे हीच जी-सिक्स-पीडीची कमतरता.

माझ्या पायातलं बळ गेलं त्या क्षणी. मी हो हो म्हणाले. मावशींनी माझ्या देखत ती बाटली फ्रीजमध्ये परत ठेवली, फ्रीजचं दार बंद केलं आणि दारावर हाताचा तळवा ठेवून मान हलवली, नाही. मग काउंटरखालच्या डब्यातून चिमूटभर वाळलेल्या कळ्या काढून मला दाखवल्या, लांबट, हिरवट-पिवळ्या, काडेपेटीच्या काडीच्या निम्म्या लांबीच्या. गम नगान फा. सोन्या-रुप्याचं फूल. घरी येऊन फाइल काढली तर कागदावर तेच, हनीसकल, फुलं पांढरी उमलून नंतर पिवळी होतात म्हणून ते चिनी नाव. इतकी वर्षं माझ्या घरात लिहिलेलं होतं आणि मला त्याचा या गोड बाटलीशी संबंधच जोडता आला नव्हता.

मुलाला त्या दिवशी त्यांनी दुसरं दिलं, चुक जे माऊ गन, म्हणजे ऊस आणि एका गवताच्या मुळ्या एकत्र उकळलेलं पाणी, त्यात गाजराचे तुकडेही असतात. आपल्या उसाच्या रसापेक्षा पातळ आणि मंद गोड. तो आजही तेच पितो. मी आमच्या डॉक्टरांना विचारून मगच चालू ठेवलं हेही सांगते, कारण दुकानदारानं चालेल म्हटलं तेवढ्यावर अशा मुलाला काही देऊ नका, कुणीच. पण नको म्हणणारा दुकानदार भेटणं ही वेगळी गोष्ट आहे. ग्राहक पैसे हातात धरून उभा आहे, भाषा येत नाही, मागे रांग आहे आणि तरी बाई विकत नाहीत.

हे काही मावशींच्या मनाचं नाही, जुनं ज्ञान आहे. कागदावरच्या यादीत हुआंगलियन नावाची मुळीही आहे, अतिशय कडू, ती तर सिंगापूरमध्ये नवजात बाळांच्या काविळीच्या भीतीनं १९७८ मध्ये बंद केली होती आणि ती बंदी २०१३ मध्ये उठली. ज्या समाजात हा दोष जास्त, त्याच समाजाची ही औषधं, त्यामुळे जुन्या दुकानदारांना विचारायची सवय असते. मॉलमधल्या काउंटरवर ती सवय राहिलेली नाही, तिथं सगळ्यांना एकच बाटली.

आणि हा प्रश्न फक्त मुलांसाठी नाही. मावशी मला सुद्धा दरवेळी विचारतात. पाळी चालू आहे का, असेल तर कडू वाटी मिळत नाही. पोटात काही आहे का, म्हणजे जेवलीस का. कुणी पोटुशी बाई दिसली तर तिला त्या ज्येष्ठमधाचा साधा चहा पण देत नाहीत, गरम पाणी देतात आणि पैसे घेत नाहीत. पहिल्या वर्षी मी त्यांचं न ऐकता चूक केली. ऑफिसमध्ये एसी इतका की शाल घेऊन बसायची, बाहेर तेहतीस अंश, सारखी ये-जा, डोकं जड, म्हणून मी रोज सकाळी ऑफिसला जाताना उपाशीपोटी चोवीस चवींची वाटी प्यायचे, दोन आठवडे सलग. पोटात मुरडा, जुलाब, हातपाय गार, आणि मला वाटतंय की शरीरातली घाण निघतेय. पंधराव्या दिवशी मावशींनी जीभ बाहेर काढून दाखवायला लावली. फिकी होती आणि कडेला दातांचे ठसे. त्यांनी वाटीवर चकती परत झाकली. नंतर त्या शाळकरी मुलीकडूनच कळलं की त्या म्हणत होत्या, तू उष्ण नाहीस, तू थंड आहेस, तुझ्या खोलीत थंडी आहे, आल्याचं पाणी पी. जून महिन्यात आलं! पण आलं आणि लाल खजूर, म्हणजे जुजुब, उकळून प्यायले आणि चार दिवसांत पोट ताळ्यावर आलं. काढा बंद केला म्हणून आलं असेल, आल्यानं आलं असेल, मला दोन्ही मान्य आहे.

फाइव्ह फ्लॉवर टीबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण घरात ज्यांना तो दोष नाही त्यांच्यासाठी उन्हाळ्यातलं हे सगळ्यात छान पेय आहे. न्ग फा चा, पंचफुलांचा चहा. यात शेवंती, हनीसकल, पॅगोडा झाडाची फुलं, आणि पुढची दोन नावं ऐकून मी जागेवर उभी राहिले होते, चाफा आणि काटेसावर. आपला देवळापुढचा पांढरा चाफा हो, पिवळ्या पोटाचा. आणि सावर तर कोकणात फाल्गुनात पानं झडून लालभडक होते तीच. इथं मार्च-एप्रिलमध्ये सावरीची फुलं फुटपाथवर धप्प धप्प पडतात, मांसल, वाटीएवढी, आणि म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन ती वेचतात, नेऊन पुलाच्या कठड्यावर, रेलिंगवर, वर्तमानपत्रावर वाळत घालतात. सुकली की तपकिरी होतात आणि मुडपून लहान होतात. मावशींच्या दुकानात मागच्या भिंतीला अशी फुलांची जाळीदार पिशवी टांगलेली असते. आम्ही लहानपणी सावरीची फुलं खेळायला वेचायचो, पोटात जाऊ शकतात हे माहीतच नव्हतं. चवीला हा चहा सौम्य, फुलांचा हलका वास, खडीसाखर बेताची. वाटी १२ डॉलर, बाटली २६.

ग्वाय लिंग गो नावाची काळी जेली पण इथं मिळते, ४८ डॉलरला वाडगा, वरून मध किंवा पाक घालून. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींनी नीट वाचा, पारंपरिक जेलीत कासवाच्या पोटाकडच्या कवचाचा अर्क असतो. मावशींच्यात असतो, त्या लपवत नाहीत, काउंटरवर कवचच ठेवलंय. म्हणून मी खात नाही, नवरा खातो आणि त्याला आवडते. त्यातला दुसरा मुख्य जिन्नस म्हणजे तू फू लिंग नावाचा कंद, आणि तो आपल्या चोपचिनीचा सख्खा भाऊ. चोपचिनी या शब्दातच चीन आहे, फारसीत चोब-इ-चिनी, चिनी लाकूड. सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या मुळीवर एक प्रकरणच लिहिलंय. म्हणजे हा माल आपल्या किनाऱ्यावर साडेचारशे वर्षांपूर्वीच येऊन पोचला होता आणि आयुर्वेदानं तो सामावूनही घेतला. मला हे कळल्यापासून हे सगळं फार परकं वाटत नाही.

आंबट चहा, म्हणजे धुरावलेल्या काळ्या आलूबुखारांचा, मूळचा उत्तरेकडचा, तो मावशी फक्त जुलै-ऑगस्टमध्ये करतात. ठीक आहे. आपल्या कोकम सरबतापुढे मला तरी काही खास वाटला नाही, शिवाय साखर जास्त. ब्राह्मीसारख्या गोल पानांचा, म्हणजे मंडूकपर्णीचा हिरवा रस कधीकधी असतो, तो मात्र छान असतो, असला तर सोडू नका.

लाल डब्यातला वोंग लो कात नावाचा तयार लँग चा बऱ्याच जणांना माहीत असतो, भारतातही काही ठिकाणी दिसतो म्हणे. त्याचं मूळ दुकान ग्वांगडाँगमधल्या ग्वांगजौ शहरात १८२८ साली निघालं आणि तेव्हा तो असाच वाटीतला कडू काढा होता. आजचा डबा गोड सरबत आहे, मिरचीच्या हॉटपॉटबरोबर, म्हणजे टेबलावर उकळत्या रश्शात शिजवून खातात त्या जेवणाबरोबर, लोक कोल्ड्रिंकसारखा पितात, प्या हवं तर, पण औषध म्हणून पिऊ नका, मागचं साखरेचं लेबल वाचा. २००६ मध्ये चीननं ग्वांगडाँग, हाँगकाँग आणि मकाव इथल्या लँग चाला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत घेतलं. मला वाटतं वारसा म्हणजे ही पितळी पिंपं आणि ती विचारपूस, डबा नव्हे. जुने लोक सांगतात की पन्नास-साठच्या दशकात घरोघरी रेडिओ-टीव्ही नव्हते तेव्हा लोक अशा दुकानांत एक वाटी घेऊन तासभर गाणी ऐकत बसायचे, इराण्याच्या हॉटेलात बसावं तसे. मावशींच्या दुकानात आता एक छोटा टीव्ही आहे तो बहुधा घोड्यांच्या रेसवर असतो.

तक्रारीच्या जागा पण आहेत. जिन्नसांची यादी कुठंच लावलेली नाही, चिनीत सुद्धा नाही, आणि हे मला खरंच खटकतं. ज्यांच्या घरात माझ्या मुलासारखं मूल आहे, किंवा कुणी रक्त पातळ करायच्या, बीपीच्या गोळ्या घेतंय, त्यांना काय पोटात जातंय ते वाचता आलं पाहिजे, दरवेळी मावशीच काउंटरवर असतील असं नाही. त्यांचा भाचा बसतो तेव्हा तो फोनमध्ये असतो आणि काही विचारत नाही. भाचा असेल तर मी परत फिरते. इंग्रजी नाही, बँकेचं कार्ड चालत नाही, रोख किंवा ऑक्टोपस, म्हणजे इथलं बस-ट्रेनचं प्रीपेड कार्ड. पंखा एकच. बसायला जागा मिळेलच असं नाही. आणि बाटली घरी नेली तर त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी आंबूस लागते, कारण त्यात टिकवायला काही घातलेलं नसतं.

एक सावधगिरीची गोष्ट, दुसरीकडची. इथं उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक काळाला साम फुक म्हणतात, साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत, पंचांगावर काढलेले तीस किंवा चाळीस दिवस, त्यातल्या ठरावीक दिवशी पाठीवर औषधी लेपाच्या चकत्या लावतात. हिवाळ्यातलं दुखणं उन्हाळ्यात बरं करायचं, असा विचार. लेपात पांढरी मोहरी आणि आल्याचा रस असतो. नवऱ्याला सकाळच्या शिंकांचा त्रास म्हणून एका क्लिनिकमध्ये, नाव नको, आम्ही गेलो. किती वेळ ठेवायचं ते त्यांनी घाईत सांगितलं, यानं रात्रभर ठेवलं आणि पाठीवर रुपयाएवढे सहा फोड आले, डाग वर्षभर गेले नाहीत. शिंका थोड्या कमी झाल्या असं तो म्हणतो. करायचंच असेल तर नोंदणीकृत चिनी वैद्याकडेच जा, इथं १९९९ च्या कायद्यानं त्यांची नोंदणी होते, आणि वेळ लिहून घ्या.

घरी करण्यासारखं मावशींनी मला दोन गोष्टी शिकवल्या आणि दोन्हींचं सामान आपल्या वाणसामानातच आहे. हिरवे मूग सालासकट, भिजवून, भरपूर पाण्यात मोठ्या आचेवर, आणि सालं फुटायच्या आत वरचं हिरवं पाणी काढून घ्यायचं. आटवून खीर करायची नाही, पाणीच प्यायचं, थंडावा सालात असतो असं त्यांचं म्हणणं. दुसरं कोहळा सालासकट मोठे तुकडे करून, चायनीज बार्ली म्हणून मिळणारे पांढरे टपोरे दाणे घालून दीड तास मंद उकळायचं, आम्ही त्यात मांस न घालता आलं आणि चवीला मीठ घालतो. मुलगा वाटीभर पितो, घामाचं मीठ-पाणी भरून निघतं. ते दाणे गरोदरपणी इथं देत नाहीत तेवढं लक्षात ठेवा. आणि बर्फाचं पाणी नाही, हे त्या दरवेळी सांगतात. माठातलं चालेल का असं मी एकदा फोटो दाखवून विचारलं, त्यांनी माठाचा फोटो मोठा करून बघितला आणि अंगठा वर केला.

पण उन्हात काम करून कुणाचं अंग भाजल्यासारखं तापलंय, बरळतंय, चक्कर येऊन पडलंय, तर कुठलाही काढा नाही, सावली, ओले कपडे, आणि ९९९ ला फोन. हे पण मी मावशींकडेच बघितलंय. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये बाजारातला एक हमाल दुकानासमोर बसला तो उठेना, कुणीतरी वाटी पुढे केली तर मावशींनी ती हातातून काढून घेतली, बादलीभर पाण्यात टॉवेल बुडवून मानेवर, काखेत ठेवला आणि भाच्याला ओरडून फोन करायला लावला.

या मे महिन्यात माझी आई आली होती चिपळूणहून. तिला दुकान दाखवलं. आईनं मागच्या भिंतीवरच्या पिशवीला नाक लावलं आणि म्हणाली, अगं ही सावर. मग पर्समधून कोकमाची पुडी काढली, ती कुठंही रिकाम्या हातानं जात नाही. मावशींनी एक आमसूल उजेडात धरलं, वास घेतला, कड चावली, डोळे मिटले, स्युन, म्हणाल्या, आंबट, आणि आपल्या काळ्या आलूबुखारांच्या बरणीतून एक काढून आईच्या हातावर ठेवलं. दोघी उभ्या राहून चघळत होत्या. मग मावशींनी आईला जीभ दाखवायला सांगितली आणि ओळीतली पहिली वाटी न देता तिसरी दिली.

दुकान साडेअकराला उघडतं, मंगळवारी बंद. कडू वाटी जेवणानंतर तासाभरानं प्या. जाताना मोबाइलवर चार ओळी चिनीत भाषांतर करून ठेवा, वय काय, कुठल्या गोळ्या चालू आहेत, पाळी किंवा गरोदरपण, आणि मूल बरोबर असेल तर बाकल्याचा आजार आहे की नाही, आणि मावशी पिंपाकडे हात न्यायच्या आत ती स्क्रीन त्यांच्यासमोर धरा.